सुई टोचली, तर सांगा

इस्पितळात माणूस आजारी म्हणून येतो. आठ-दहा दिवस राहतो. बरा होतो आणि घरी जातो. पण काही माणसे इस्पितळात रोज येतात. त्यांची वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे तिथेच जातात. ती आजारी नसतात. ती पोटासाठी येतात आणि सेवेसाठी येतात. डॉक्टर, सिस्टर, आयाबाई, वॉर्डबॉय, झाडणारे-पुसणारे, रक्त तपासणारे, कपडे धुणारे, कचऱ्याची गाडी ओढणारे, अशी ही माणसे.

आपल्याकडे रोगी आयाबाईला 'मावशी' म्हणतो आणि वॉर्डबॉयला 'मामा' म्हणतो. नाते काही नसते, पण हाक नात्याची असते. रात्री पाणी कोण देते? मावशी. स्ट्रेचरवर उचलून कोण ठेवतो? मामा.

हे सगळे मिळून रोग्याची काळजी घेतात. मग यांची काळजी कोण घेणार? दिव्याखाली अंधार असू नये, म्हणून आम्ही हा धडा लिहिला आहे. तो मावशी-मामांनी वाचावा. ज्यांच्या घरचे कुणी इस्पितळात कामाला आहे, त्यांनीही वाचावा आणि घरी वाचून दाखवावा.

धोका जुनाच आहे

सेवा करणाऱ्यालाच रोग लागतो, ही गोष्ट आजची नाही. 1897 साली पुण्यात प्लेगची मोठी साथ होती. लोक घरेदारे सोडून पळत होते. त्या वेळी सावित्रीबाई फुले रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांचा दवाखाना होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवीत. त्यातच त्यांना प्लेग लागला. 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

2020 साली कोरोनाची साथ आली. ती तर आपण सगळ्यांनी पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेने एक अंदाज काढला. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगात 80 हजार ते 1 लाख 80 हजार आरोग्य कर्मचारी कोरोनाने दगावले असावेत, असा तो अंदाज आहे.

साथ आली, की सगळ्यांचे लक्ष इस्पितळाकडे जाते. लोक टाळ्या वाजवतात. साथ सरली, की विसरून जातात. पण साथ नसली तरी धोका असतोच, बरं का! तो मोठा दिसत नाही. तो रोजचा असतो. एका सुईच्या टोकावर बसलेला असतो.

एक जखम आणि एक कागद

युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथल्या मोठ्या इस्पितळात 1847 साली घडलेली ही गोष्ट.

त्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी काम करीत. दुसऱ्यात सुइणी काम करीत. नवल असे, की डॉक्टरांच्या विभागात जास्त बाळंतिणी तापाने मरत. एप्रिल 1847 मध्ये त्या विभागात 100 पैकी 18 बाळंतिणी दगावल्या. कारण कुणालाच समजत नव्हते.

तिथे इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर होते. याकोब कोलेच्का हे त्यांचे मित्र. कोलेच्का प्रेतांची तपासणी करीत. मार्च महिन्यात तपासणी चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी कोलेच्कांच्या बोटाला लागली. जखम लहानशी होती. पण तिच्यापायी त्यांना मोठा ताप भरला आणि ते वारले.

त्यांच्या प्रेताची तपासणी झाली. जे दिसले ते कागदावर लिहून ठेवलेले होते. सेमेलवाइसांनी तो कागद वाचला आणि ते चमकले. बाळंतिणींच्या शरीरात जे दिसत असे, तेच त्यांच्या मित्राच्या शरीरात दिसले होते! मग त्यांच्या ध्यानात आले. प्रेत तपासून डॉक्टर तसेच बाळंतिणींकडे जातात. हाताला लागलेली घाण बरोबर नेतात.

मे महिन्यापासून त्यांनी नियम केला. क्लोरीनच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय बाळंतिणीला हात लावायचा नाही. जून महिन्यात मृत्यू 100 मागे 2 च्या आसपास आले. जुलैत ते आणखी कमी झाले.

पाहा, इस्पितळात काम करणाऱ्या एका माणसाला जखम झाली. ती कशी झाली, पुढे काय झाले, हे कुणीतरी लिहून ठेवले. ते कुणीतरी वाचले. म्हणून पुढे असंख्य आयाबहिणी वाचल्या. जखमेची नोंद झाली, म्हणून ती उपयोगी पडली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

सुई कुणाला टोचते?

इंजेक्शन देतात डॉक्टर किंवा सिस्टर. देऊन झाले, की सुई लगेच तिच्या डब्यात गेली पाहिजे. पण गर्दी असते. घाई असते. सुई ट्रेमध्ये राहते. कापसात गुंडाळली जाते. चादरीच्या घडीत अडकते. पुढे मावशी कचऱ्याची पिशवी उचलतात आणि सुई बोटात शिरते. कपडे धुणारा चादर झटकतो आणि सुई तळहातात जाते. वापरणारा एक आणि टोचते दुसऱ्याला.

त्या सुईवर रोग्याच्या रक्ताचा अंश असतो. रोग्याच्या रक्तात रोगजंतू असतील, तर ते आपल्या अंगात जाऊ शकतात. मुख्य रोग तीन आहेत. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही. पहिले दोन यकृताचे, म्हणजे लिव्हरचे रोग आहेत. तिसऱ्यापासून पुढे एड्स होतो.

आता हिशेब पाहा. हिपॅटायटिस बी असलेल्या रोग्याची सुई लस न घेतलेल्या 100 जणांना टोचली, तर 6 ते 30 जणांना तो रोग लागू शकतो. हिपॅटायटिस सी 100 मागे सुमारे 2 जणांना लागतो. एचआयव्ही 1000 मागे सुमारे 3 जणांना लागतो.

म्हणजे भिऊन हातपाय गाळण्याचे कारण नाही. सुई टोचलेल्या पुष्कळ माणसांना काही होत नाही. पण ज्यांना होणार ते कोण, हे बोटाकडे पाहून कळत नाही. म्हणून प्रत्येक टोचणी सांगितलीच पाहिजे. काट्याचा नायटा होतो, असे आपण म्हणतो. सुईचे तसेच आहे.

मावशी आणि सिस्टर

समजा, सकाळची वेळ आहे. वॉर्डात मावशी कचरा गोळा करीत आहेत. एकदम त्या हात झटकतात. सिस्टरांचे लक्ष जाते.

सिस्टर : काय झालं हो, मावशी?

मावशी : काही नाही सिस्टर. पिशवीत सुई होती. जराशी बोचली.

सिस्टर : रक्त आलं?

मावशी : थेंबभर. पदराला पुसलं.

सिस्टर : आधी नळाखाली हात धरा. साबण लावा. अहो, बोट दाबू नका!

मावशी : दाबून रक्त काढलं म्हणजे वाईट ते निघून जातं ना?

सिस्टर : नाही मावशी. दाबून फायदा काही नाही, उलट बोट दुखावतं. नुसतं वाहत्या पाण्यानं धुवा. झालं? चला आता डॉक्टरांकडे. मग वहीत लिहून घेऊ.

मावशी : वहीत नको हो! मुकादमाच्या कानावर गेलं तर म्हणेल, या बाईला काम जमत नाही. मी कंत्राटावरची. उद्यापासून येऊ नको म्हणाला, तर काय करू? घरी दोन पोरं आहेत.

सिस्टर : मावशी, पिशवीत सुई कुणी टाकली? तुम्ही?

मावशी : मी कशाला टाकू?

सिस्टर : मग चूक तुमची कशी? आमच्यापैकीच कुणीतरी टाकली. वहीत लिहिलं, तर आम्हाला विचारणा होईल आणि पुढं सुई डब्यात पडेल. नाही लिहिलं, तर उद्या दुसऱ्या मावशीला टोचेल.

मावशी : ते खरं. पण माझं काम?

सिस्टर : मेट्रनबाईंकडे मी तुमच्याबरोबर येते. कागदावर माझीही सही राहील. पोरांसाठीच म्हणते मी. औषध घ्यायचं झालं, तर वेळ थोडा असतो.

मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा. पण मला वाचून दाखवा. अंगठा नाही लावणार मी. सही करीन."

मावशींची भीती खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. काम जाण्याची भीती हातावर पोट असणाऱ्यालाच कळते. पण न सांगितल्याने काम वाचते आणि जीव धोक्यात जातो. म्हणून सांगताना एकटे जाऊ नका. सोबत सिस्टर असो, मामा असोत, युनियनचा माणूस असो, कुणीतरी घ्या. कागदाची एक नक्कल मागून घ्या आणि घरी जपून ठेवा.

टोचली, तर काय करावे?

1. हातातले काम थांबवा. हातमोजे काढा.

2. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा. बोट दाबू नका. तोंडात घालू नका. स्पिरिट, ब्लीचिंग किंवा हळद लावू नका.

3. डोळ्यात रक्त उडाले, तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. साबण लावू नका.

4. लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीचा धोका असेल, तर डॉक्टर गोळ्या सुरू करतात. त्या पहिल्या 2 तासांत सुरू झाल्या तर उत्तम. 72 तास, म्हणजे 3 दिवस उलटून गेले, की उपयोग होत नाही. गोळ्या 28 दिवस घ्यायच्या असतात. मध्येच सोडायच्या नाहीत.

5. सुई कोणत्या रोग्याची होती, हे माहीत असेल तर सांगा. माहीत नसले, तरी जा. डॉक्टर त्यावरून ठरवतात.

6. रक्त तपासून घ्या. त्याच दिवशी एकदा आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. एकदा तपासले आणि झाले, असे नाही.

7. वहीत नोंद करा. दिवस, वेळ, जागा, सुई कुठे होती, हे सगळे लिहा.

हिपॅटायटिस सी साठी लस नाही. पण तो वेळेवर कळला, तर आता गोळ्यांनी बरा होतो. त्यासाठीही आधी सांगावे लागते, तपासावे लागते.

आधी टोचून घ्या

हिपॅटायटिस बी वर मात्र चांगली लस आहे. तीन वेळा टोचून घ्यावी लागते. पहिली आज, दुसरी एक महिन्याने, तिसरी पहिलीपासून सहा महिन्यांनी. पुष्कळ जण पहिली घेतात आणि विसरतात. एक भिंत बांधून घर होत नाही. तीनही घ्या. शेवटची घेतल्यावर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासले, की लस अंगी लागली की नाही तेही कळते.

हिपॅटायटिस बी चा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो 7 दिवस जिवंत राहू शकतो. म्हणून फरशीवरचा वाळका डाग पाहून, हा जुना आहे, असे म्हणू नका. हातमोजे घाला. डागावर फडके टाका. हायपोक्लोराइटचे पाणी ओता. निदान 10 मिनिटे थांबा. मग पुसा.

सुईचे घर कोणते?

इस्पितळातल्या कचऱ्याला रंग ठरवून दिलेले आहेत. रंग ओळखायला शाळेत जावे लागत नाही.

पिवळी पिशवी : रक्ताने भरलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे काढलेले भाग.

लाल पिशवी : प्लॅस्टिकच्या नळ्या, सलाईनच्या बाटल्या, लघवीच्या पिशव्या, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज.

पांढरा डबा : सुया, ब्लेड, टोकदार आणि धारदार वस्तू. हा डबा आरपार दिसणारा, पण सुई आरपार न जाणारा असतो.

निळा डबा : काचेच्या औषधी बाटल्या आणि फुटलेली काच.

सुईचे घर पांढरा डबा. दुसरे नाही. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. टोपण लावतानाच ती बोटात जाते. डबा पाऊण भरला, की बंद करावा. ठासून भरू नये. मावशी-मामांनी पिशवी हाताने किंवा पायाने दाबू नये. गाठीला धरून अंगापासून लांब ठेवून न्यावी. जाड हातमोजे आणि बंद बूट घातल्याशिवाय कचऱ्याला हात लावू नये. साध्या चपलेवर कचरा उचलायला सांगितले, तर बूट मागावेत. मागण्यात लाज नाही.

बाकीचे धोके

सुई हा एकच धोका नाही. आणखी काही आहेत. तेही थोडक्यात पाहू.

हवा : क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. क्षयरोग्याच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. रोग्याने साधा मास्क लावावा. काम करणाऱ्याने एन-95 मास्क लावावा, तोही नाकाला घट्ट बसेल असा. स्वतःला दोन आठवडे खोकला राहिला, तर थुंकी तपासा. क्षय बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पाठ : रोग्याला एकट्याने उचलू नका. दोघे-तिघे मिळून चादरीसकट सरकवा. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. रोग्याला जवळ धरा. पाठ एकदा गेली, की घरचा हंडाही उचलत नाही.

औषधी पाणी : ब्लीचिंग आणि संडास धुण्याचे ऍसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. छाती भरून येते, जीवही जातो.

एक्स-रे : हे किरण 1895 साली सापडले. सुरुवातीला त्यांचा धोका माहीत नव्हता. त्यांच्यापायी जे डॉक्टर आणि कामगार गेले, त्यांचे स्मारक 1936 साली जर्मनीत हँबर्ग शहरात उभारले. रोग्याला धरायला मामांना आत उभे केले, तर शिशाचा एप्रन मिळाला पाहिजे. रोज एकाच माणसाला उभे करू नये. पोटुशी बाईने आत थांबू नये.

मारहाण : रोगी दगावला, की नातेवाइकांचा राग कधी कधी काम करणाऱ्यांवर निघतो. महाराष्ट्रात 2010 साली याविरुद्ध कायदा झाला. डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय सेवकांना मारहाण करणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

इस्पितळातल्या कचऱ्याचे नियम 2016 साली नव्याने झाले. त्यांत मालकावर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस द्यायची. कामावर घेताना शिकवायचे आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा शिकवायचे. कामावर घेताना प्रकृती तपासायची आणि मग वर्षातून एकदा तरी तपासायची. हातमोजे, मास्क, बूट द्यायचे. हे नियम डॉक्टर-सिस्टरांना लागू आहेत, तसेच झाडू मारणाऱ्यालाही लागू आहेत. ही कुणाची मेहेरबानी नव्हे.

आणखी एक. इस्पितळाच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामात संसर्ग होऊन रोग झाला, तर तो कामामुळे झालेला रोग मानला जातो. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात अशा रोगांची यादी होती. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती यादी आली आहे. पण रोग कामावरच लागला, हे दाखवणार कसे? त्या दिवशीच्या नोंदीने! वहीत ओळ असेल, तर हक्क मागायला हातात कागद राहतो. ओळ नसेल, तर बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता व्हिएन्नाच्या त्या कागदाची आठवण करा. तिथे एक नोंद झाली आणि बाळंतिणींचे प्राण वाचले. आपल्या वॉर्डातली वहीसुद्धा तशीच आहे. महिनाभरात तिच्यात पाच टोचण्या दिसल्या, तर वरच्यांना विचारावेच लागते, की पांढरा डबा कुठे ठेवला आहे? पुरेसे डबे आहेत का? एका मावशीने केलेली सही साऱ्या वॉर्डाच्या कामी येते.

आपण अक्षरे शिकलो ती कशासाठी? पाटी वाचावी, बसचा नंबर वाचावा, आणि वेळ आली तर आपल्या जिवाची गोष्ट चार ओळींत लिहून खाली आपले नाव घालावे, यासाठीच.

प्रश्न

1. सुई टोचल्यावर पहिल्यांदा काय करावे? काय करू नये?

2. एचआयव्हीच्या गोळ्या किती तासांच्या आत सुरू झाल्या पाहिजेत?

3. हिपॅटायटिस बी ची लस किती वेळा घ्यावी लागते? तुमच्या घरी कुणी घेतली आहे का?

4. वापरलेली सुई कोणत्या डब्यात टाकावी?

5. मावशी नोंद करायला का भीत होत्या? तुम्ही तिथे असता, तर त्यांना काय सांगितले असते?

6. समजा, तुम्हाला आज सुई टोचली. वहीत काय लिहाल? चार ओळी लिहा आणि खाली सही करा.